खोडलेल्या तेवीस ओळी

आमच्या लेकीने बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेतला, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने फोनवर विचारलं, "म्हणजे ऑफिसात वाढदिवसाचे केक आणतात ते लोक ना?"

"हो. आणि माणसांना कामावरून काढतात तेही तेच," मी म्हणालो.

दोन्ही कामं एकाच खात्याकडे का असतात कोण जाणे. बहुधा सुरी त्यांच्याकडेच असते म्हणून.

शेवटच्या सहामाहीला तिला प्रकल्प होता. एखाद्या माणसाचं काम आठ दिवस शेजारी उभं राहून बघायचं, तो काय काय करतो ते ओळीने लिहायचं, आणि शेवटी ते त्यालाच दाखवून सही घ्यायची. मी स्वतःहून तयारी दाखवली. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे.

"बाबा, तुझं दीड दिवसात संपेल," लेक म्हणाली. "त्यात एक दिवस जेवणाची सुट्टी."

तिने आईला निवडलं. माझी बायको एकोणीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे.

या निवडीमागे नुसता अभ्यास नव्हता. लाँड्रीच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. दोन वर्षांपूर्वी तीच जागा निघाली तेव्हा बायको मुलाखतीला गेली होती. समितीने विचारलं, "तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "चादरी धुते." आणि दीड मिनिटात बाहेर. जागा मिळाली बाहेरून आलेल्या एका घडाघडा बोलणाऱ्या गृहस्थांना. चादर कुठून धरायची हे कळायला त्यांना वर्ष लागलं, आणि कळलं तसे ते आणखी मोठ्या जागेवर निघून गेले.

"मी नाही जाणार परत," बायको म्हणायची. "मला बोलता येत नाही. लोकांसमोर तोंडात बोळा बसतो."

लेकीने अर्ज परस्पर भरून टाकला. मुलाखत होती गुरुवारी.

त्याआधीच्या रविवारी दुपारी लेकीने जेवणाच्या टेबलावर चार पानं ठेवली. आठ दिवसांत तिने सदतीस कामं टिपली होती. "आई, नीट वाच. यातलं जे तुझं काम नसेल ते खोड. मग सही कर."

बायकोने माझं लाल पेन घेतलं, चष्मा लावला आणि खोडायला सुरुवात केली. भाजी निवडावी तशी. दुसरं पान संपेपर्यंत लेकीचा चेहरा पेनाच्या रंगाचा झाला होता.

"आई, अगं काय करतेस? 'मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक गठ्ठा हाताने चाचपणे', हे का खोडलंस?"

"ते काय काम आहे होय? चादरीत कात्र्या येतात, सुया येतात, परवा कोणाची तरी कवळी आली. चाचपायला नको?"

"'उद्या किती ऑपरेशनं आहेत ते सिस्टरना फोन करून विचारणे आणि ऑपरेशनचे कपडे आधी धुवायला लावणे'?"

"आपलं असंच विचारते. फोनला काय जातंय?"

"'नव्या मुलींना पहिले पंधरा दिवस इस्त्रीच्या गरम रोलरजवळ उभं न करणे'?"

"मग काय भाजून घेऊ देत त्यांना?"

"'मशीनच्या आवाजावरून बेल्ट जाणार हे ओळखणे'!"

"ते कान करतात. मी नाही."

तेवीस ओळी गेल्या. उरल्या चौदा: चादरी धुणे, वाळवणे, घड्या घालणे, वगैरे. बायकोने खाली सुबक सही ठोकली आणि कुकर लावायला उठली.

"माझा प्रकल्प गेला," लेक म्हणाली. "आठ दिवस मी वाफेत उभी होते, बाबा!"

"तिला खोडायला तूच सांगितलंस," मी म्हणालो. हे बोलायची गरज नव्हती, पण नवरा आणि बाप अशा दोन्ही पदांवर असलेल्या माणसाला कुठेतरी बोलावंच लागतं.

ती पाय आपटत खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती सुपरवायझरच्या जागेची नोटीस घेऊन. तिने ती खोडलेल्या पानांशेजारी ठेवली. एक बोट नोटिशीवर, एक बोट लाल रेघांवर. "सुरक्षिततेची तपासणी. बघ, खोडलंय. कामाचा अग्रक्रम ठरवणे. खोडलंय. नवीन कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. यंत्रांची देखरेख. खोडलंय, खोडलंय." मग एकदम ओरडली, "आई! कुकर बंद कर आणि इकडे ये. तू एकोणीस वर्षं सुपरवायझरच आहेस. फक्त तुला कोणी सांगितलं नाहीये!"

बायको ओल्या हाताने आली आणि खोडलेली एकेक ओळ पुन्हा वाचू लागली. "बाई गं," एवढंच म्हणाली.

गुरुवारी मी रजा काढून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. दीड मिनिट झालं. पाच झाली. चाळीस मिनिटांनी बायको बाहेर आली.

"काय झालं?"

"काय होणार? त्यांनी विचारलं काय काम करता. मी म्हटलं, चादरी धुते."

मी डोक्याला हात लावला.

"ऐका तर! मग बसला की बोळा. म्हणून पर्समधून पोरीचे कागद काढले नि खोडलेलं तेवढं वाचून दाखवलं. मधले मोठे डॉक्टर म्हणाले, हे खोडलंय कोणी? म्हटलं, मीच. मला वाटलं हे काम नाही. ते म्हणाले, आणि आता काय वाटतं?"

"मग?"

"म्हटलं, आता वाटतं, खोडायला नको होतं. मग त्यांनी एकेक ओळ विचारली. ती सांगायला कशाला हवंय बोलता येणं? रोजचंच आहे."

ही गोष्ट मी कार्यालयात सगळ्यांना सांगितली. नळाची तक्रार घेऊन आलेल्यांनाही, आणि ते रांगेत असल्यामुळे त्यांना ऐकावीच लागली.

लेकीने प्रकल्प तसाच, लाल रेघांसकट दिला. 'काम करणाऱ्याने स्वतःच्या कामातलं काय खोडलं' हाच तिचा निष्कर्ष. सरांनी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले आणि खाली शेरा मारला: 'विश्लेषण उत्कृष्ट. खाडाखोड टाळावी.' ते पान मी फ्रेम करून दारासमोरच लावलं आहे. थोरला भाऊ आला की चपला काढताना त्याला ते वाचावंच लागतं.

नेमणुकीचं पत्र पंधरवड्याने आलं. सोबत सुपरवायझरच्या कामांची यादी होती. बायको ती टेबलाशी बसून वाचू लागली आणि तिने न बघताच माझ्याकडे हात पुढे केला. मी लाल पेन दिलं.

"आई, पेन खाली ठेव," लेक घाबरून म्हणाली.

"थांब गं. एक राहिलंय. त्या दिवशी तू घरी गेल्यावर केलं होतं ते."

तिने यादीच्या तळाशी सावकाश लिहिलं: 'कवळी सापडल्यास स्वतः वॉर्डात नेऊन देणे. त्या माणसाला मागता येत नसतं.'