सासूबाई आणि वाकडा मॉनिटर

चष्मेवालीचं विमान रोज दुपारी पडायचं, आणि पडायचं ते नेमकं शेवटच्या वळणावर.

जेवणासाठी आपलं चष्म्यांचं दुकान बंद केलं की ती मागच्या जिन्याने वर घरी यायची, दोन घास घाईने खाऊन संगणकासमोर बसायची आणि एका पंख्याचं छोटं विमान आभाळात न्यायची. उडणं तिला सुरेख जमायचं. ढगांतून जाणंही जमायचं. उतरताना मात्र धावपट्टी डाव्या हाताला यायची आणि तिचा मॉनिटर होता जेमतेम ताटाएवढा. डावीकडे बघायचं तर बटण दाबावं लागे. बटण दाबलं की समोरचं दिसेनासं व्हायचं, आणि समोर बघावं तर धावपट्टी गायब. या बघाबघीत विमान वळायचं राहून जायचं, नाहीतर इतकं वळायचं की थेट कुणाच्या तरी शेतात.

शेजारी खुर्ची टाकून सासूबाई विणत बसलेल्या असायच्या. पहिल्यांदा त्या आल्या होत्या ते हे घरघरणं बंद कर असं सांगायला. सांगायच्या आधी त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, खाली चाललीस." खरंच चालली होती. तेव्हापासून उंची वाचायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. टाके मोजता मोजता त्या उंचीही मोजायच्या, आणि त्यामुळे एका स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा चांगली वीतभर लांब झाली होती.

खऱ्या विमानात मात्र सासूबाई आयुष्यात बसल्या नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण, जिला सगळे अजूनही बारकी म्हणत, लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली ती तिकडचीच झाली. ती दरवर्षी बोलवायची आणि सासूबाई दरवर्षी काहीतरी सांगायच्या. एकदा गुडघा, एकदा कान, एकदा तर कुंड्यांना पाणी कोण घालणार हेही कारण होऊन गेलं. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

शेवटी एका रविवारी नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं. चष्मेवालीचा नवरा छापखान्यात होता, कागद कापण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने कपाट आणि खिडकी यांच्यामधली जागा मापून दिली आणि यात बसेल ते आणा, बाकी माझं काही म्हणणं नाही, असं सांगून तो परत झोपला. सासूबाई न बोलावता चपला घालून दारात उभ्या होत्या. उंची त्यांनाच वाचायची होती, तेव्हा बघायला नको?

दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले होते. विक्रेता टक्कल पडलेला, शांत स्वभावाचा माणूस होता, आणि प्रत्येक मॉनिटरबद्दल असा बोलायचा जसं काही ते त्याचंच लेकरू आहे. हा जरा महाग आहे पण गुणी आहे. त्याचे रंग छान, पण अंधारात थोडा हिरमुसतो. त्याने चष्मेवालीला तीन पर्याय दाखवले. एक मोठा, सरळ, चौकोनी. दुसरे तीन छोटे, शेजारी शेजारी मांडलेले. आणि तिसरा लांबच लांब, दोन्ही टोकांना आत वळलेला, बसणाऱ्याला मिठी मारायला निघाल्यासारखा. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याचं नाव वाकडा ठेवलं.

विक्रेत्याने तिन्हींवर तेच विमान लावून दिलं. चष्मेवालीने सरळवर उडवलं, मग तिघांवर उडवलं. तिघांच्या मधल्या काळ्या कडा तिला खुपल्या, विमानाला जणू गज लावले होते. पुन्हा सरळ. पुन्हा वाकडा. सरळ स्पष्ट होता, वाकडा ऐसपैस होता. तिला ठरवता येईना. दिवसभर ती गिऱ्हाइकांना विचारायची, हे स्पष्ट की ते स्पष्ट, आणि जे पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा करायचे त्यांच्यावर मनातल्या मनात वैतागायची. आता विक्रेता तिला तेच विचारत होता आणि ती पुन्हा दाखवा म्हणत होती.

"तुझ्या दुकानात असा कुणी आला तर तू काय करतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"बाहेर एक चक्कर मारून या म्हणते."

दोघी बाहेर एक चक्कर मारून आल्या.

परत आल्यावर चष्मेवाली वाकड्यासमोर बसली आणि उतरायला निघाली. शेवटचं वळण आलं. तिने बटण दाबलं नाही, मानही फारशी वळवली नाही, नुसती नजर डावीकडे टाकली तर तिथे धावपट्टी. इतके दिवस जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती शहाण्यासारखी डाव्या कोपऱ्यात उभी होती. विमान वळलं, खाली आलं, जरासं उसळलं आणि टेकलं.

मागे सासूबाईंनी विक्रेत्याची बाही घट्ट पकडली होती. त्यांचा चेहरा उतरला होता. विमान वळलं तशी जमीन माझ्या पोटात फिरली, असं त्या म्हणाल्या. विक्रेत्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पहिल्यांदा थोडं गरगरतं, सवय होते, असं म्हणाला. सवय जिला करायची तिने करावी, मला तो चौकोनी बरा, असं सासूबाईंनी सांगितलं.

चष्मेवाली पेचात पडली. तिने सरळकडे पाहिलं, वाकड्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्यासाठी अडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "विमान तू चालवतेस."

हे ज्या सुरात म्हटलं होतं तो सूर ओळखायला चष्मेवाली चुकली नव्हती. तरीही तिने वाकडाच घेतला.

घरी तो मापात बसला, फक्त कपाटाचं दार त्यापुढे अर्धंच उघडू लागलं. नवरा आडवा हात घालून चाचपून शर्ट काढायचा आणि जो हाताला लागेल तो घालून जायचा. चष्मेवाली आता रोज उतरायची. वाऱ्यात उतरायची, धुक्यात उतरायची. एकही शेत तिने खराब केलं नाही. पण शेजारची खुर्ची रिकामी होती. सासूबाई विणकाम घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागल्या होत्या.

"उतरले हं," ती खोलीतून ओरडून सांगायची.

"बरं," स्वयंपाकघरातून यायचं.

सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याला शेजारी बसवून पाहिलं. त्याला उंची वाचायला सांगितली. ढगांच्या वर पोचेपर्यंत त्याने नीट वाचली, मग त्याला डुलकी लागली, आणि उतरताना धक्का बसला तेव्हा जागा होऊन त्याने विचारलं, स्टेशन आलं का. चष्मेवालीने माळ्यावरून मॉनिटरचं खोकं खाली काढलं. दुकान अजून बदलून देत होतं. खोकं दारापाशी उभं राहिलं, पण ते भरायला तिचा हात होईना.

असं चाललेलं असताना एका सकाळी दुकानात एक पोस्टातले गृहस्थ आले. नव्या चष्म्यातून जिना हलतो अशी त्यांची तक्रार होती. चष्मेवालीने नेहमीचं पाठ असलेलं सांगायला सुरुवात केली. या चष्म्यात वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं, आणि काचेच्या कडेला सगळं तरंगतं. तेव्हा डोळे तिरके करायचे नाहीत, नाक वळवायचं. बाजूला बसून, मान खाली घालून, मधूनच कडेने वर पाहिलं तर कुणालाही गरगरेल...

ती मध्येच थांबली. सासूबाईंचा चष्माही असलाच होता. एक मिनिट हं, असं म्हणून ती मागच्या जिन्याने वर पळाली. पोस्टातले गृहस्थ एका डोळ्यावर तपासणीचं झाकण तसंच धरून बराच वेळ भिंतीवरची अक्षरं वाचत बसले.

वर तिने सासूबाईंना वाकड्यासमोर बसवलं आणि त्यांच्या नाकापासून पडद्यापर्यंत टेप धरली.

"काय, सदरा शिवतेस का मला?"

"चष्मा करते."

"आहे की चष्मा."

"तो विणायला ठेवा," चष्मेवाली म्हणाली.

नवा चष्मा तयार झाला. सगळ्या काचेत एकच नंबर, तेवढ्याच अंतराचा. हा फक्त विमानाचा, हा घालून जिना उतरायचा नाही, असं तिने बजावलं. मग शेजारची खुर्ची कडेपासून ओढून मधोमध आणली. दोघी इतक्या जवळ बसल्या की चष्मेवालीने विमान वळवलं की तिचं कोपर सासूबाईंच्या बरगडीत जायचं. पहिल्या वळणाला सासूबाईंनी खुर्चीचा हात आवळला. जमीन तिरकी झाली, सावकाश सरळ झाली.

"फिरत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती, कारण वाकड्याची कागाळी त्यांनी सगळ्या गल्लीत करून ठेवली होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे दोष मॉनिटरचा नव्हता?"

"नाही."

"माझाही नव्हता."

"नाही, आई."

"मग माझा जुना चष्मा कुणी केला होता?"

चष्मेवालीला अचानक पंखांची फार काळजी वाटू लागली आणि ती बटणं तपासायला लागली. सासूबाईंनी तो विषय तिथेच सोडला, पण पुढे भाजी चिरायची पाळी आली की तो हळूच काढायच्या.

पुढच्या रविवारी त्यांनी पडद्यावरचा समुद्र ओलांडला; विमानाच्या त्या खेळात सगळ्या जगाचा नकाशा होता. सासूबाईंनीच सांगितलं, बारकीकडे ने. खाली कितीतरी वेळ नुसतं निळं होतं, मग किनारा आला, नदी आली, पूल आला. सासूबाईंनी फोन लावला आणि बहिणीला सांगितलं की मी तुझ्या गावावर आहे. बारकीला आधी ताईची तब्येत बिघडली असंच वाटलं. सगळं समजावून झाल्यावर ती वाट सांगायला लागली. पुलावरून उजवीकडे, मग चर्च, मग वळण, तिथे लाल कौलांचं घर.

चष्मेवालीने विमान खाली आणलं आणि गोल गोल फिरवलं. सासूबाई काचेला नाक लावून बघत होत्या.

"अगं बारके, इथे घर नाही. नुसती झाडं आहेत."

बारकी चिडली. इतकी वर्षं मी झाडावर राहते का, असं तिने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, मला दिसतंय ते सांगते, घर नाही. दोघी बहिणी लहानपणी भांडायच्या तशा भांडल्या. चष्मेवाली घिरट्या घालत राहिली, इंधनाचा काटा खाली यायला लागला. शेवटी बारकी म्हणाली, तुला पटत नसेल तर ये आणि डोळ्यांनी बघ, आणि तिने फोन ठेवून दिला.

सासूबाईंनी फोन मांडीवर ठेवला. समोर धावपट्टी दिसायला लागली तरी त्यांनी उंची वाचली नाही. चष्मेवालीने एकटीने विमान उतरवलं. जरा आपटलंच.

"खऱ्यात पण असंच आपटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"खऱ्यात शिकलेली माणसं असतात, आई. कमी आपटतं."

त्यांनी विमानाचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"खिडकीची जागा मिळत असेल तर बघ," त्या म्हणाल्या. "मधे बसून मला काही दिसणार नाही."