वाडीचा सोफा

भाटघर धरणाचं पाणी जिथून खाली पत्र्यासारखं चमकताना दिसतं, तिथं वेल्ह्याच्या डोंगरात नऊ घरांची एक वाडी आहे. कुणाकडं पाहुणे यायचे असले की बाकीच्या घरांनी आपापली चांगली वस्तू त्याच्याकडं नेऊन ठेवायची, अशी तिथली रीत. सोफा वाडीत एकच, पारूबाईचा. त्यानं आजवर सहा लग्नं जमवली होती आणि एकदाही मानपान मागितला नव्हता.

गेनबाची मोहिनी जुलैपासून पुण्याजवळ एका खासगी विद्यापीठात शिकत होती. बायको जाऊन चार वर्षं झालेली. आता त्याच्याकडं पंचवीस मेंढरं आणि एक खुडूक कोंबडी. मेंढरं रात्री ओढ्यापलीकडं वाघुरात, जाळीच्या कुंपणात. घरात बोलायला कोंबडीच, आणि अंड्यांवर बसल्यापासून तिनंही बोलणं टाकलं होतं.

रेंज फक्त आंब्याखालच्या दगडावर. एका रविवारी तिथं उभं करून मोहिनीनं त्याला फोनवर तीन-तीनदा समजावलं. मार्कांवरची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती, पण त्यात चौथाई फीच माफ. बँकेचं कर्ज फेडावं लागतं, ते नको. गरजेवरची मदत विद्यापीठच देतं, ती परत करायची नसते. मात्र त्यासाठी त्यांचं माणूस घर बघायला येतं. आणि ती मिळाली नाही, तर दिवाळीनंतर बाडबिस्तरा गुंडाळून परत.

एवढ्यातून गेनबाला दोन गोष्टी पक्क्या कळल्या. एक, पाहुणे येणार. दुसरी, मदत नाही मिळाली तर पोरगी घरी येणार. ही दुसरी गोष्ट त्याच्या मनात जरा जास्तच वेळ बसून राहिली. त्याची त्यालाच लाज वाटली, तेव्हा तो उठून मेंढरांकडं गेला.

पारूबाईला त्यानं एवढंच सांगितलं, की पोरीच्या कॉलेजातनं बघायला येत्यात. वाडीला तेवढं पुरलं. सोफा आला. टीव्ही आला. कोंडिबाचा फ्रिज बांबूला बांधून चौघांनी चढणीवरनं आणला. गेनबाच्या घरात सौर दिवा सोडला तर वीज नव्हती, पण फ्रिज इतका शोभत होता की ते कुणाला आठवलं नाही. फ्रिजनं कोंबडीचा कोपरा घेतला, म्हणून गेनबानं तिची टोपली अंड्यांसकट फ्रिजमध्ये ठेवली आणि वाऱ्यासाठी दार किलकिलं केलं. पाहुण्यांसमोर पसारा नको.

विद्यापीठाच्या अश्विनी मॅडम गाडी खाली सोडून तासभर चढून आल्या, सोफ्यावर टेकल्या आणि मोबाईलवरच्या यादीत खुणा करू लागल्या. टीव्ही, आहे. सोफा, आहे. फ्रिज, आहे. प्रत्येक खुणेला गेनबाची छाती फुगत होती.

"काका," मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, "एवढं सगळं घरात असेल तर मदत नाही मिळणार. ती गरजू घरांसाठी असते."

गेनबा गप्प राहिला. खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं, आणि त्याचा त्याला चार महिन्यांचा सराव होता. दिवाळी झाली की मोहिनी घरात. दोन माणसांच्या भाकरी. संध्याकाळी कुणीतरी म्हणेल, आबा, दार लावा, गारठा येतोय.

तो उठला आणि त्यानं फ्रिजचं दार सताड उघडलं. आतून कोंबडीनं मॅडमकडं रागानं पाहिलं.

"ह्यो कोंडिबाचा हाय," गेनबा म्हणाला. "तुमी बसलाय त्यो सोफा पारूबाईचा. टीव्ही वरच्या आळीचा."

"मग इथं का आणलं?"

"पाव्हणं येनार म्हनल्यावर आनावंच लागतं."

"यातलं तुमचं काय आहे?"

"कोंबडी."

मॅडमनी एकेक खूण पुसली. कोंबडीसाठी त्यांच्या यादीत जागा नव्हती. मग त्यांनी विचारलं, घरात राहणारी माणसं किती.

"दोन."

"मोहिनी हॉस्टेलला असते ना?"

गेनबानं दाराबाहेर पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "मग एक लिवा."

संध्याकाळपर्यंत सोफा गेला, टीव्ही गेला. फ्रिज तेवढा राहिला. कोंबडी आता हलवली तर अंडी सोडंल, पिल्लं निघूस्तोवर राहू दे, असं कोंडिबा म्हणाला.

आठवड्यानं दगडावर मोहिनीचा फोन आला. मदत मंजूर झाली होती, हॉस्टेलसकट.

"आबा, आता चार वर्षं काळजी न्हाई."

"लई बेस झालं," गेनबा म्हणाला. मग रेंज गेली.

घरी येऊन तो फ्रिजसमोर उकिडवा बसला.

"चार वर्षं," त्यानं आत सांगितलं.

कोंबडीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. गारठा येत होता. गेनबानं उठून घराचं दार लावलं.