नखाचा जोर

थोबाडीत बसली तेव्हा पोरगी खुर्चीत आडवीच होती. तपासायला उघडलेलं तोंड तिने अजून मिटलंही नव्हतं.

"तिसऱ्यांदा दातावरची क्लिप पाडलीस! कडक खाऊ नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?" बापाचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला.

"काहीच खाल्लं नाही, बाबा. चूळ भरताना निघाली."

"वर खोटं बोलतेस?"

दातांचे डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "या वयात ऐकत नाहीत हो मुलं. आम्ही तरी किती वेळा चिकटवायचं?"

ताईंच्या हातातली पकड ट्रेमध्ये आदळली. बावीस वर्षं त्या या दवाखान्यात मदतनीस होत्या. नीट बसलेली क्लिप उपचार संपल्यावर काढायची म्हटली तरी पकडीने दाबावी लागते, कट्कन आवाज येतो. इथे क्लिपा आपण होऊन गळत होत्या. कारण त्यांना ठाऊक होतं. चिकटवायच्या औषधाची मुदत आठ महिन्यांपूर्वीच संपली होती. त्यांनी नळी दाखवली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "काही होत नाही. आहे ते संपवा." आणि त्यांनी ते मुकाट्याने वापरलं होतं. मागच्या दोन्ही खेपांना "जपत जा गं" म्हणून या पोरीलाच वर सुनावलं होतं. तिच्या गालावरची बोटं बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात उचलताय कसले? इकडे या," त्या बापाला म्हणाल्या. "ही वरच्या दातावरची दुसरी क्लिप गेल्याच आठवड्यात लावलीय. नखानं ढकला."

"ताई, तुम्ही बाहेर जा," डॉक्टर म्हणाले.

"ढकला म्हणते ना!"

बापाने गोंधळून अंगठ्याचं नख टेकवलं. क्लिप सटकन सुटली आणि तारेवर लोंबकळू लागली.

"आता सांगा, काय खाल्लं हिनं?" ताईंनी नळी त्याच्या हातात कोंबली. "तारीख वाचा. मोठ्यानं वाचा, बाहेरही ऐकू दे."

त्याने मनातल्या मनात वाचली. दुसऱ्यांदा वाचली.

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर दातओठ खात म्हणाले.

"उद्या कशाला? ही निघालेच."

ॲप्रनची गाठ सोडायला त्यांनी हात मागे नेले, तेवढ्यात पोरीने विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

ताईंचे हात तिथेच थांबले. "हो," त्या म्हणाल्या.

बापाने तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. तिने मान बाजूला घेतली, खुर्चीवरून उतरली आणि दवाखान्याचं जड काचेचं दार, कुणी धरायची वाट न बघता, दोन्ही हातांनी उघडून बाहेर गेली.