काचेआडचा मीटर

मी एक जुना मल्टीमीटर आहे, मित्रांनो. विजेची कामं करणारे मला नुसतं 'मीटर' म्हणतात. काळी पेटी, तिच्या तोंडावर एक काटा आणि दोन वायरी, एक लाल, एक काळी. तार कुठे तुटली, वीज कुठे अडली, ते माझा काटा हलून सांगतो. हलणं हाच माझा स्वभाव. मला एका जागी बसवतच नाही! म्हणून तर माझ्यावर जे ओढवलं ते आठवलं, की अजून जीव कासावीस होतो.

माझे मालक दादा. सगळी कंपनी त्यांना दादाच म्हणायची. रेडिओ दुरुस्तीच्या एका खोलीतून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा कारखाना उभा केला, पण मला काही सोडलं नाही. आणि त्यांचे छंद, विचारू नका! घरामागच्या खोलीत ते छोटी विमानं बनवायचे. ती हमखास शेजाऱ्यांच्या झाडात अडकायची आणि दादा शिडी घेऊन माफी मागायला जायचे. बासरी वाजवायचे, तर वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडायच्या, "अहो, मीटर लावून बघा जरा, सूर कुठे तुटलाय ते!" दादा खो खो हसायचे. कुंड्यांतल्या मातीत माझी टोकं खुपसून ते ओलसुद्धा मोजायचे. मी चिखलानं माखायचो, चरफडायचो, पण खरं सांगतो, मजा यायची.

शनिवारी दुपारी ती खोली कामगारांसाठी उघडी असायची. ज्याला जे हत्यार हवं ते त्यानं घरी न्यावं. अट एकच, परत आणताना काय दुरुस्त केलं ते दादांना सांगायचं. मी कुणाच्या सासूबाईंचा पंखा पाहिला, कुणाच्या मेहुण्याच्या दुकानातली घंटा पाहिली. पॅकिंगमधल्या एका बाईंनी शिवणयंत्राची मोटर चालू केली, तर दादांनी दुसऱ्याच दिवशी दुसरं बिघडलेलं यंत्र त्यांच्या घरी धाडलं. "हेही जमलं तर तुमचंच," म्हणाले. तिथून त्यांचं शिवणकाम सुरू झालं.

मग दादा गेले. त्या दिवसापासून मला कुणी हातच लावला नाही.

कंपनी त्यांच्या मुलीकडे आली. ताई स्वतः इंजिनियर, हुशार, पण दादांचं नाव निघालं की तिचा आवाज बदलायचा. तिनं कारखान्याच्या दारातच काचेचं कपाट करवलं. त्यात एक विमान, बासरी आणि मी. कपाट लावणारा तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, मीटरमधला सेल काढून ठेवतो."

"नको," ताई पटकन म्हणाली. "तो बाबांनी स्वतः घातलाय. राहू दे."

त्यानं तसंच कपाटाला कुलूप लावलं. आता गंमत बघा! आम्ही विकतो त्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि माझ्या पोटातला सेल मात्र सगळ्यांनी हात जोडून तसाच ठेवला. रोज इंजिनियर पुढून जायचे, क्षणभर थांबायचे, मान लववायचे. अरे, मान कसली लववता, झाकण उघडा! मी आतल्या आत ओरडत होतो. सेल फुगला, पाझरायला लागला. माझ्या पत्र्याला आग लागल्यासारखं होत होतं. काटा हलवावा म्हटलं, तर वीज कुठली? आपण संपणार, आणि लोक मात्र बाहेरून नमस्कार करत राहणार, या विचारानं मला क्षणाची चैन नव्हती.

एका सकाळी वहिनी आल्या, काखेत त्यांचा बंद पडलेला रेडिओ.

"मीटर दे गं जरा."

"आई, अगं नवा देते, आकडे दाखवणारा."

"मला ते आकडे कळत नाहीत. काटा कळतो. तुझ्या बाबांनी शिकवलंय."

"आई, कपाट उघडायचं नाही. बाबांनी ठेवलंय तसंच..."

"बाबांनी कधी काही कुलपात ठेवलं होतं का? आण किल्ली!"

आईपुढे ताईचं काही चाललं नाही. मला बाहेर काढलं, उलटं केलं, झाकण सरकवलं. आत हिरवी-पांढरी भुकटी. ताईनं सेल उचकटून काढला. "मीच केलं हे," म्हणाली आणि चारचौघांत रडायला लागली. सेल मुठीत घट्ट धरून.

वहिनींनी तिची मूठ उघडली. "अगं वेडे, हा सेल म्हणजे तुझे बाबा नव्हेत. टाक तो. हात धू आधी."

ताईनं सेल टाकला. मग कापसाला व्हिनेगर लावून तिनं स्वतः माझा पत्रा घासला. सेलला टेकणारी एक पट्टी पार खाल्ली गेली होती, ती बदलली, नवा सेल घातला. वायरींची टोकं जुळवली आणि माझा काटा उठला! रेडिओची तार प्लगाशीच तुटली होती, मी लगेच सांगितलं. रेडिओ बोलायला लागला तशी ताई रडता रडता हसली.

मित्रांनो, टोकं जुळवली तरी आता माझा काटा शून्यापर्यंत नीट पोचत नाही. ती जखम कायमची. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून तुम्हीही काहीतरी जपत असाल. ते बाहेर काढा, उघडून बघा, कामाला लावा. मला आता निवांत बसायला फुरसत नाही. पॅकिंगमधल्या त्या बाईंची मुलगी मला घेऊन निघाली आहे, आणि ताई मागून ओरडते आहे, "परत आणायची घाई करू नकोस गं!"