कॉर्डेलसाठी वर केलेला हात

आमच्या एल्म रिजचा बेसबॉल क्लब कुणा एका शेठचा नाही, गावाचा आहे. त्यामुळे कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे मंडळाच्या बैठकीत हात वर करून ठरतं. आणि खेळाडूंना उन्हाळाभर घरात ठेवून जेवूखाऊ घालायचं तेही गावानंच. माझ्या वरच्या खोलीत नऊ उन्हाळे कॉर्डेल प्रुइट राहिला. आमचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा, मूळचा दूर दक्षिणेकडच्या ओक्लाहोमाचा. पहिल्यांदा आला तेव्हा माझा नवरा ऑर्विल जिवंत होता आणि कॉर्डेलच्या डोक्यावर केस होते.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी बैठक अग्निशमन केंद्रात होती, कारण गावात धड चालणारा हीटर तेवढा एकच. बाहेर नाकातले केस गोठत होते. मुद्दा एवढाच की लीगच्या नियमानं जुने खेळाडू मोजकेच ठेवता येतात, बाकी सगळी कोवळी पोरं घ्यावी लागतात. जुन्यांतली एकच जागा उरली होती, आणि ब्रँट लोकेनला ती कॉर्डेलला द्यायची नव्हती.

ब्रँट म्हणजे आमचा नवा मॅनेजर. संगणक घेऊनच जन्माला आलेला.

"दुसऱ्या बेसपर्यंत त्याचा चेंडू वेळेवर पोचत नाही," तो म्हणाला. "समोरचे खेळाडू त्याला बघून बिनधास्त पुढचा बेस चोरतात. याच जागेवर मला एक चांगला, वेगानं चेंडू टाकणारा पिचर मिळतोय. कॉर्डेल माणूस म्हणून सोनं आहे हो, पण जागा एकच आहे. मिसेस ट्वेट, तुम्ही उन्हाळाभर रोज बघता त्याला. खांदा कसा आहे त्याचा?"

"ठणठणीत," मी म्हटलं.

सपशेल खोटं. गेल्या ऑगस्टमध्ये तो डाव्या हातानं दाढी करत होता आणि वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा मला काढायला सांगत होता. कुणाला सांगू नका, असंही म्हणाला होता.

"आणि काय रे," माझा पट्टा सुरू झाला, "नदीला पूर आला तेव्हा तू कुठं होतास? हंगाम सुरू व्हायला महिना होता, तरी हा बाबा ओक्लाहोमाहून गाडी हाकत आला आणि आमच्याबरोबर वाळूची पोती भरत राहिला. ते कुठल्या रकान्यात लिहिलंयस? नुसतं बूट घातलेलं कॅल्क्युलेटर आहेस तू!"

"मार्लिस, जरा हळू," व्हर्लिन हौगेन म्हणाला. तो मंडळाचा अध्यक्ष, ट्रॅक्टर विकतो. "पत्र्याच्या भिंती आहेत बाई."

हात वर झाले, माझा सगळ्यात आधी. एका मताच्या फरकानं कॉर्डेल राहिला.

मी गावाच्या इमानाच्या गप्पा मारल्या खऱ्या, पण मला माझं माणूस परत हवं होतं. ऑर्विल गेल्यापासून हिवाळाभर माझ्या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. मे उजाडला की 'पाय पुसून ये रे मेल्या' म्हणायला कुणीतरी मिळायचं. त्या एका वाक्यासाठी मी आठ महिने काढत असे.

खेळाडूला फोन अध्यक्षानंच करायचा, तोही सोमवारी, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, असा आमचा रिवाज. पण मला कुठला धीर! त्याच संध्याकाळी रात्रीच्या जेवणाचं हॉटडिश, खिमा-बटाट्याचं, ओव्हनमध्ये ढकललं आणि फोन लावला.

"राहिलास रे तू!" मी ओरडलेच. "व्हर्लिनला बोलू नकोस मी सांगितलं म्हणून."

"वा," तो म्हणाला. "छान झालं, मिस मार्लिस." मागून त्याच्या लेकीचा आवाज आला, "काढलं का रे बाबा तुला? काढलं ना?" पोरगी आनंदानं विचारत होती!

"हे काय बोलतेय ती?"

"काही नाही हो."

"कॉर्डेल, मला बनवू नकोस."

मग हळूहळू बोलला. तिच्याच शाळेत कोचची नोकरी होती, वर्षभराची, पक्की. मंगळवारपर्यंत शाळावाले थांबणार होते. एल्म रिजनं नको म्हटलं तरच येईन, असं यानं त्यांना सांगून ठेवलं होतं.

"अरे गाढवा, मग तूच नाही म्हण ना आम्हाला!"

"ते नाही जमायचं. माझी बायको सोडून गेली, मला कुणी उभं करत नव्हतं, तेव्हा तुमच्या गावानं घेतलं मला. तुम्हाला हवा असेन तोवर मी येणार. क्लबनं मला काढावं, मी सोडणार नाही." मग म्हणाला, "शिवाय मी नाही आलो तर तुम्ही एवढ्या मोठ्या घरात एकट्या काय करणार?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी समजत होते की मी याला सांभाळतेय. म्हटलं, "ओव्हन बघते," आणि फोन ठेवला. त्या रात्रीचं जेवण काही मी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले. मी व्हर्लिनसमोर जाऊन उभी राहिले.

"माझं मत बदलतेय मी. कॉर्डेल नको."

"काल तर टेबल फोडायला निघाली होतीस!"

"काल खोटं बोलले. खांदा गेलाय त्याचा. दाढीसुद्धा डाव्या हातानं करतो."

व्हर्लिनला खरं कारण सांगावंसं फार वाटलं. पण त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. सोमवारी फोनवर त्यानं पहिलं तेच ओकलं असतं, आणि कॉर्डेल हट्टानं, माझी कीव करत, पुन्हा येऊन उभा राहिला असता. म्हणून मी गप्प बसले. आजूबाजूच्या बायका कपात बघत होत्या. डोना स्लेटन मागून म्हणाली, आणि मला ऐकू जाईल असंच म्हणाली, "नऊ वर्षं घरात ठेवला पोराला, आणि बघा." ब्रँट मात्र माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला. मी वाटच बघत होते.

"व्हर्लिन म्हणाला, खांद्याचं तुम्ही सांगितलं."

"हो."

"मी तुमच्याशिवाय कुणाला बोललो नव्हतो."

"माहितीय मला. पण हात गेलाय तुझा, कॉर्डेल. क्लबनं काय करायचं?"

मागं कुठंतरी दार आपटलं, टीव्ही चालू होता, माणसांचं घर होतं ते.

"इतर सगळ्यांचं मी समजू शकतो," तो म्हणाला. "तुमचं नाही समजलं."

माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तो हसला असता, रडला असता, आणि मे महिन्यात दारात येऊन उभा राहिला असता.

"शाळेचं काय केलंस?" मी विचारलं.

"उद्या हो म्हणतोय."

"बरं."

"माझे बूट, सामान आहे तुमच्याकडं. देऊन टाका कुणाला तरी. ठेवतो, मिसेस ट्वेट."

त्याला जाऊन आता दोन उन्हाळे झाले. ऐकते की त्याच्या शाळेच्या संघातली पोरं जिंकतात आणि लेक रोज त्याच्याच गाडीतून घरी जाते. त्याचं पत्र येत नाही, फोन येत नाही. मी बरोबर केलं, हे मला रोज स्वतःलाच सांगावं लागतं. त्याला सांगायची सोय नाही.