चादरीमागची धून

मोहोळच्या कार्यक्रमाला नवा डिजिटल सिंथेसायझरच न्यायचा, हे चंद्रिकानं ठरवून टाकलं होतं. चनबसप्पा अण्णांचा जुना न्यायचा म्हणजे उचलायला दोन माणसं, तापायला अर्धा तास, आणि एवढं करून भर गाण्यात त्याचा सूर चढणारच. त्याचे सुटे भागही आता कुठं मिळत नाहीत. त्याच यंत्राची ही स्वस्त नक्कल मांडीवर मावत होती. दुकानदारानं ती दोन दिवस वाजवून बघायला दिली होती. पट्ट्या अंमळ अरुंद, बटणं प्लास्टिकची, खर्ज किंचित पोकळ. हे सगळं तिनं तपासलं होतं आणि पत्करलंही होतं. स्वतःच्या कानावर तिचा भरवसा होता.

अडचण अण्णांची होती. ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केलेला, सुरुवातीची धून त्यांची, आणि तीस वर्षं ती त्याच यंत्रावर वाजलेली. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी यंत्र आणि धून दोन्ही चंद्रिकाच्या हवाली केली. त्यांचं मन मोडून नवं न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

अण्णा म्हणाले, नक्कल ती नक्कल, डोळे झाकून ओळखीन. नाही ओळखली तर खुशाल घे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत चंद्रिकानं दोरीवर चादर टाकली आणि मागं दोन्ही यंत्रं मांडली.

पहिल्यांदा तिनं जुनं वाजवलं. अण्णांनी ओळखलं. मग नवं, अगदी जपून वाजवलं. तेही ओळखलं, वर अळणी म्हणून शेरा मारला. चंद्रिका चिडली. तिसऱ्यांदाही तिनं नवंच घेतलं आणि जीव ओतून वाजवलं.

धुनीच्या मधोमध तिचा डावा हात आपसूक सुराच्या बटणावर गेला. जुन्याचा चढलेला सूर असाच केसभर खाली ओढावा लागे. पण नव्याचा सूर चढलाच नव्हता. तो खाली लचकला आणि तिनं घाईनं वर आणला. इतकी ढोबळ चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

चादरीपलीकडून अण्णा ठामपणे म्हणाले, "हे माजं. इचारायचंच न्हाय."

पैज चंद्रिकानं जिंकली होती, पण तिला म्हाताऱ्याची दया आली. कानाचा एवढा अभिमान असलेला माणूस. तरी खोटं बोलायचं नाही म्हणून तिनं चादर ओढून काढली. तिचे हात नव्या यंत्रावर होते.

अण्णांनी पुढं होऊन नव्याच्या सुराच्या बटणावर बोट ठेवलं.

"ह्येचा सूर चढत न्हाय म्हनतीस. मग खाली का वडलीस?"

"हाताला सवय हाय की, अण्णा. तुमीच लावली."

अण्णांनी डोळे पुसले, तेही उघड उघड.

"मोहोळला ह्येच ने," ते म्हणाले. "आन् तितं ती चूक इसरू नगंस."