मॅककॉड्रमची पोरं

श्रद्धानं म्हाताऱ्याच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला, तेवढ्यात त्यानं तिला आडनाव विचारलं.

ती सावध झाली. आपल्याकडे आडनाव विचारणाऱ्याला आडनाव नकोच असतं, त्यामागचं हवं असतं. नांदेडपासून इथं आखातातल्या रिफापर्यंत तिनं हा प्रश्न कितीदा टोलवला होता. सवयीनं तिनं वडिलांचं नाव सांगितलं आणि उलट त्यालाच विचारलं, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय, सर?"

म्हातारा हसला. मीना सलमान बंदरावर हयात घालवलेला हा स्कॉटिश इंजिनिअर एरवी फारसा बोलत नसे.

"मॅक म्हणजे मुलगा. पंडित म्हणतात, कॉड्रम हे जुन्या नॉर्स भाषेतलं नाव. आमच्या बेटावर मात्र मॅककॉड्रम म्हणजे सीलची पोरं. थंड समुद्रातले सील, माणसासारख्या डोळ्यांचे."

"असं कसं?"

"एक सील कातडं उतरवून बाई झाली, किनाऱ्यावर बसली. एकानं ते कातडं लपवलं, तिच्याशी संसार केला. पुढं तिला ते सापडलं. ती गेली, पोरं राहिली. हे आडनाव त्या पोरांचं."

"आणि ती परत आलीच नाही?"

"येते ना. पाण्यातून पोरांकडे बघते. जवळ येत नाही."

बोलताना तो खिडकीकडे पाहत होता. खिडकीत शेजारच्या व्हिलाची भिंत होती, दुसरं काही नाही. तरी त्याची नजर कुठं तरी लांब लागली होती.

म्हाताऱ्याच्या मुलाला तिचा व्हिसा आणखी दोन वर्षं वाढवायचा होता आणि आज संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर हवं होतं. पगार चांगला होता. पण तिची सात वर्षांची आर्या गावी आजीजवळ होती, आणि हल्ली ती फोनवर यायलाच तयार नसे. श्रद्धाच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. इथं ती याबद्दल अवाक्षर काढत नसे. कामाच्या ठिकाणी घरचं काढू नये, असं तिचं मत होतं.

दुपारी स्वयंपाकघरात जाऊन तिनं व्हिडिओ कॉल लावला. आज आर्या आपणहून आली आणि नुसती बघत राहिली.

"बोल की गं, सोन्या."

"काल तू तळ्यावर आलतीस ना?"

"मी? मी तर इथंच आहे, बाळा."

"पाण्यात होतीस. गळ्यापर्यंत. माझ्याकडंच बघत होतीस. मग हाक का नाही मारलीस?"

तिच्या हातातून आजीनं, कांताबाईंनी, फोन ओढून घेतला.

"येडी आहे ती, मनावर घेऊ नको," कांताबाई म्हणाल्या. "मी आता तिला तळ्यावर सोडतच नाही."

श्रद्धा तोंड धुऊन खोलीत परतली.

"सर, मी व्हिसा वाढवत नाही. घरी जाते."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत.

"मुलीनं पाहिलं का तुला?"

तिनं पलंगाचा कठडा घट्ट धरला.

"पोचलीस की आधी हाक मार तिला," तो म्हणाला. "माझी आई नुसतीच बघत राहायची."